जो ओरडत नाही त्याचा कागद आधी वाचा

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही इचलकरंजीचे, आमचे आठ माग आहेत, खर्चीवर चालवतो, म्हणजे सूत-बीम व्यापाऱ्याचं आणि आम्हाला पिकावर (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर) मजुरी. मजुरी आहे तिथंच राहिली, लाईट बिल वाढत गेलं, त्यात एका व्यापाऱ्याने साडेतीन लाख बुडवले आणि तिथून जे घसरायला लागलं ते थांबलंच नाही. आता मागांवर बँकेचं ११ लाख, पतसंस्थेचं ६ लाख (त्याला माझे मोठे दीर आणि ह्यांचे एक मित्र जामीन), ह्यांच्या नावावर दोन पर्सनल लोन मिळून ५ लाख, त्यातल्या एकात मी सहकर्जदार, क्रेडिट कार्ड दीड लाख, मोबाईल ॲपवरनं घेतलेले ४० हजार, आणि एका खासगी सावकाराचे २ लाख महिना पाच टक्क्यांनी, त्याच्याकडे ह्यांचे तीन कोरे चेक आहेत. सगळं मिळून सव्वीस लाखाच्या घरात जातंय. सोनं मोडून झालं, मंगळसूत्र तेवढं राहिलंय. दोन खोल्यांचं घर ह्यांच्या नावावर आहे, त्याच्यावर कर्ज नाही. मी घरी शिलाई करते.

ॲपवाले सकाळी सहाला फोन करतात, माझ्या भावाला केला, मुलीच्या मैत्रिणीच्या आईला पण केला, म्हणून आलेली मजुरी आम्ही आधी त्यांच्याच तोंडावर टाकतो. एक जण म्हणाला दिवाळखोरी जाहीर करा, सगळं सुटतं. दुसरा म्हणाला आधी घर बायकोच्या नावाने बक्षीसपत्र करा, स्टॅम्प दोनशे रुपयाचाच लागतो, आणि कागदोपत्री घटस्फोट घ्या, मग तुम्हाला कोणी हात लावणार नाही. हे रात्र रात्र जागे असतात, बोलत नाहीत. मागच्या आठवड्यात बँकेचं रजिस्टर पोस्टाचं पाकीट आलंय, ते मी न फोडता कपाटात साड्यांच्या खाली ठेवलंय, ह्यांना दाखवायचा धीर होत नाही. काय करू?

उत्तर : ताई, हे वाचून झालं की आधी ते पाकीट काढा आणि आजच, मिस्टरांना शेजारी बसवून फोडा. न बघता सांगते, बहुतेक ती सरफेसी, म्हणजे तारणावरच्या कर्जवसुलीच्या कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस असणार. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत ठरतं आणि मग बँक ही नोटीस काढते. नोटिशीपासून ६० दिवस तुमच्या हातात असतात, त्या मुदतीत तुम्ही लेखी म्हणणं दिलं तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ६० दिवस गेले की बँक कोर्टात न जाता थेट मागांचा ताबा घेऊ शकते, आणि त्यानंतर तुम्हाला पुण्याच्या किंवा मुंबईच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या चकरा मारायच्या, त्यालाही ४५ दिवसांचीच मुदत. म्हणजे साड्यांच्या खालचा एक आठवडा त्या साठातला गेला.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच, की पैसे ॲपवाल्यांना जातायत आणि बँकेचं पाकीट कपाटात आहे. हे तुमच्याच घरी होतं असं नाही, माझ्याकडे येणाऱ्या दहा जोडप्यांतली आठ-नऊ असंच करून आलेली असतात. जो जास्त ओरडतो त्याचं आधी भरलं जातं, आणि ज्याच्या हातात खरं हत्यार आहे तो गप्प बसून रजिस्टर पोस्टाने कागद पाठवतो. काही वर्षांपूर्वी एक नवरा-बायको माझ्या ऑफिसात कापडी पिशवी घेऊन आले, आत सगळी न फोडलेली पाकिटं. आम्ही तिघांनी ती फरशीवर मांडली, तारखेप्रमाणे लावली, आणि मधल्या एका पाकिटात चेक बाऊन्सची नोटीस निघाली, पैसे भरायची पंधरा दिवसांची मुदत आदल्या दिवशी संपली होती. चेक फक्त अठरा हजाराचा. आणि त्याच पंधरवड्यात त्यांनी फोनवर शिव्या देणाऱ्या एका एजंटला बावीस हजार दिले होते. त्या बाई पाकीट हातात धरून कितीतरी वेळ नुसत्या बसून होत्या. ते आजही माझ्या डोळ्यासमोरून जात नाही, म्हणून तुम्हाला एवढं खडसावून लिहितेय, राग मानू नका.

तर दोघांनी बसून एक शंभर पानी वही घ्या, एका कर्जाला एक पान. कोणाचं, किती, कोणाच्या सह्या, तारण काय, जामीन कोण, शेवटचा हप्ता कधी गेला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे नाही दिले तर हा माणूस कायद्याने काय करू शकतो. धमकी काय देतो ते लिहू नका, काय करू शकतो ते लिहा. हे शेवटचं लिहायला लागलात की वहीतला क्रम आपोआप बदलतो, बघा.

बँक माग नेऊ शकते, म्हणजे रोजगारच गेला. म्हणून बँक पहिली. माझं मत विचाराल तर आठातले तीन-चार माग बँकेची लेखी परवानगी घेऊन स्वतः विका आणि पैसे थेट कर्जखात्यात भरा, लिलावात येते त्यापेक्षा स्वतः विकून किंमत बरी येते. पण परवानगीशिवाय एकही माग हलवायचा नाही, तारण ठेवलेली मशिनरी परस्पर विकली तर साधी थकबाकी फौजदारी होऊन बसते. उरलेल्या रकमेसाठी एकरकमी तडजोडीचा अर्ज द्या. मॅनेजर तोंडी "करून टाकू" म्हणाला तर त्याला काडीची किंमत नाही, बँकेच्या लेटरहेडवर रक्कम आणि तारखा आल्याशिवाय तडजोडीपोटी एक रुपया भरू नका, आणि वसुलीवाल्याच्या हातात रोख तर कधीच नाही. तडजोड केली की सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जाच्या नोंदीवर, "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि पुढची काही वर्षं कर्ज मिळायला त्रास होतो, हे माहीत असू द्या, पण तुम्हाला आत्ता नवीन कर्ज नकोच आहे.

दुसरा सावकार, आणि तो त्या तीन चेकमुळे. चेक वटला नाही की कलम १३८, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी केस, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. "स्टॉप पेमेंट" केलं तरी हे टळत नाही, खूप जणांचा तो गैरसमज आहे. पण सावकाराची बाजू पण तेवढी भक्कम नाही. महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४ प्रमाणे परवाना लागतो, बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, रकमेची जागा कोरी ठेवून कागदावर सही घेणं हाच गुन्हा आहे. परवाना असला तरी शेतीबाहेरच्या विनातारण कर्जाला सरकारने वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा घातलीय आणि तुम्ही महिन्याला पाच म्हणजे वर्षाला साठ भरताय. शिवाय मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, आपल्या जुन्या लोकांचा दामदुपटीचा नियम तो हाच. आजवर त्याला किती दिलं ते तारीखवार लिहा, फोनपेच्या नोंदी काढा, आणि तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याच्या ऑफिसात, लेखी तक्रार द्या. चेक कोरे दिलेत आणि त्यांचे नंबर काय हे त्या अर्जात आत्ताच लिहून ठेवा, म्हणजे उद्या त्याने पाच लाखाचा आकडा टाकून चेक भरला तर तुमच्याकडे आधीच्या तारखेचा शिक्का असलेला कागद असेल.

पतसंस्थेच्या हातातलं हत्यार म्हणजे सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला, निबंधकाकडून तो मिळाला की दिवाणी दाव्याशिवाय जप्ती करता येते, तुमच्यावर आणि जामीनदारांवर सारखीच. दाखला निघाल्यावर भांडायला वर जायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते, म्हणून १०१ च्या पहिल्या तारखेलाच हजर राहून हिशोबाचा उतारा मागा. कायद्याने जामीनदार "नंतरचा" नसतो, पतसंस्था आधी दिरांचा पगार धरू शकते. तेव्हा दिरांना हे नोटिशीतून कळायच्या आत तुम्ही दोघांनी जाऊन सांगा. भावजय म्हणून तुम्हीही जा, एकट्या मिस्टरांना पाठवू नका, भावाभावांत अशा वेळी जुनी उणीदुणी निघतात.

पर्सनल लोन, कार्ड आणि ॲप, ह्यांच्याकडे तारण काहीच नाही. ते दिवाणी दावा करू शकतात, हुकूमनामा मिळवू शकतात, नंतर जप्ती मागू शकतात, त्याला वेळ लागतो. एक अपवाद आहे, हप्त्याला बँकेतून ऑटो डेबिट लावलंय आणि ते परत गेलं तर त्यालाही चेक बाऊन्ससारखीच शिक्षा आहे, म्हणून त्या नोटिशीला वकिलामार्फत उत्तर द्याच. बाकी "पोलीस पाठवतो" ही थाप आहे, कर्ज थकणं हा गुन्हा नाही. आणि फोनचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्येच सांगितलंय की थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आत आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी-शिवीगाळ नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास नाही. ॲपच्या मागे जी फायनान्स कंपनी आहे तिचं नाव करारात असतं, तिच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, फोनच्या वेळांचे स्क्रीनशॉट जोडा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार, फी काही नाही, माहितीला १४४४८. फोटो वापरून बदनामीची धमकी आली तर तो सायबर गुन्हा, लगेच १९३०. मुलीच्या मैत्रिणीच्या आईला मात्र तुम्हीच एकदा सरळ सांगून टाका, "आमचं कर्ज थकलंय, असे फोन आले तर उचलू नका." एकदा सांगून झालं की त्या फोनची अर्धी दहशत जाते.

आता दिवाळखोरी. आपल्याकडे २०१६ चा नवा दिवाळखोरी कायदा आला खरा पण त्यातला सामान्य माणसासाठीचा भाग अजून लागू नाही, कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच तो १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला. तुमच्या-आमच्यासाठी अजून इंग्रजांच्या काळचा १९२० चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरीचाच) कायदा आहे, अर्ज जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत. ५०० रुपयांच्या वर कर्ज असलं की अर्ज करता येतो, आकडा तेव्हाचाच राहिलाय. अर्जात सगळे धनको, म्हणजे ज्यांचं ज्यांचं देणं आहे ते, नाव-पत्त्यासकट, सगळी मालमत्ता, हिशोबाच्या वह्या द्याव्या लागतात. कोर्टाने नादार ठरवलं की मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि धनको कोर्टाला विचारल्याशिवाय तुमच्यावर कारवाई करू शकत नाहीत. नंतर उरलेल्या कर्जातून मुक्ततेसाठी वेगळा अर्ज, आणि मालमत्तेतून रुपयाला किमान आठ आणे निघत नसतील तर ते तुमच्या चुकीने झालं नाही हे तुम्हाला पटवावं लागतं. व्यापाऱ्याने बुडवलेले साडेतीन लाख इथे कामाला येतील, त्याची बिलं, चलनं जपून ठेवा.

पण तुमच्या वहीतली पानं परत बघा. बँकेचं ११ लाख तारणाचं, नादारीने तारणवाल्याचा हात थांबत नाही. पतसंस्थेचे ६ लाख तुमच्या डोक्यावरून उतरले तरी जामीनदार सुटत नाहीत, सगळा बोजा दिरांवर आणि त्या मित्रावर जाणार. चेकची फौजदारी केस पण नादारीने थांबत नाही. नवरा-बायकोचा मिळून एक अर्ज असं काही कायद्यात नाही, म्हणजे मिस्टर नादार ठरले तरी सहकर्जदार म्हणून तुमच्या मागे ते पर्सनल लोन आहेच. राहिले साडेसहा-सात लाख, ज्यांच्या मालकांच्या हातात तसंही सगळ्यात कमी हत्यारं आहेत, आणि त्या बदल्यात बिनकर्जाचं राहतं घर कोर्टाच्या ताब्यात. म्हणून माझं स्पष्ट मत, आत्ता नादारी नको. आधी बँक आणि पतसंस्थेशी लेखी तडजोड, मग पर्सनल लोनवाल्यांशी. वर्षभराने हे सगळं फसलं आणि हुकूमनामे यायला लागले तर हीच वही अर्जाला जोडायला तयार असेल.

बक्षीसपत्र अजिबात करू नका. हस्तांतरानंतर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला तर ते रद्द होऊ शकतं, आणि नादारी नसली तरी धनकोंना फसवायला केलेलं हस्तांतर म्हणून त्यांच्यातला कोणीही दिवाणी कोर्टात आव्हान देऊ शकतो. नादारीत मालमत्ता लपवली तर वर्षभरापर्यंत कैद आहे. तसंच आता घाबरून एखाद्याच नातेवाइकाचे पैसे गुपचूप फेडू नका, अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाला झुकतं माप दिलं तर तेही परत काढून घेता येतं. आणि खोट्या घटस्फोटाचं तर बोलूच नका ताई. ज्या कर्जावर तुमची सही नाही ते तुमचं नाहीच, त्यासाठी घटस्फोट लागत नाही, आणि जिथे सही आहे तिथे घटस्फोट घेऊनही सुटका नाही.

मंगळसूत्राची काळजी करू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये स्पष्ट आहे, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्मरितीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना जप्त होत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि आयुर्विम्याचे पैसेही नाही. शिलाई मशीन तुमचं आहे, त्याचं बिल तुमच्या नावाचं असेल तर वहीच्या पहिल्या पानाला टाचून ठेवा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

आणि मिस्टरांचं. रात्र रात्र जागणं, बोलणं बंद, हे मला बँकेच्या नोटिशीपेक्षा जास्त गंभीर वाटतंय. त्यांना आडून आडून नको, सरळ विचारा, "जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाले किंवा नुसते गप्प राहिले तरी त्यांना एकटं सोडू नका, १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा फोन चोवीस तास असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. वहीचं काम दोन दिवस उशिरा झालं तरी चालेल, हे आज रात्रीच विचारा.

प्रश्न : मी परळला राहतो, वय ३४, नोकरी आहे. एफ अँड ओ मध्ये (शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये) १४ लाख गेले, सगळे पर्सनल लोन आणि कार्डावरचे. होमलोनमध्ये बायको सहकर्जदार आहे, तिला यातलं काहीच माहीत नाही. तिला न कळता दिवाळखोरीचा अर्ज करता येईल का?

उत्तर : नाही. मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे, अर्ज मुंबई उच्च न्यायालयात आणि मालमत्ता ऑफिशियल असाईनी या अधिकाऱ्याकडे. नादार ठरवल्याचा आदेश राजपत्रात आणि वर्तमानपत्रात छापला जातो, होमलोनची बँक तर पहिली जागी होईल. म्हणजे तिला कळणारच, फक्त तुमच्या तोंडून न कळता दुसऱ्याच कुणाकडून कळेल. दुसरं असं की बेफाम सट्ट्यामुळे नादारी आली असेल तर कोर्ट मुक्तता नाकारू किंवा लांबवू शकतं, हे कारण कायद्यात नावानिशी लिहिलेलं आहे. नोकरी चालू असताना १४ लाखाला मी तुम्हाला कोर्टाचा रस्ता सुचवणार नाही, हप्ते पुन्हा बांधून घ्या.

तुम्ही एकटे बुडालात असंही नाही, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांना तोटा झाला असं शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्याच अभ्यासात आलंय. पण बायकोला हा आकडा सांगून सुरुवात करू नका, तिला ती सबब वाटेल. आधी तुमचा क्रेडिट रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात सगळी कर्जं एका जागी दिसतात. तो छापून तिच्या हातात द्या आणि आकडा एकदाच, पूर्ण सांगा. आठ सांगून बाकीचे सहा पुढच्या महिन्यात काढलेत तर त्यानंतर तुमच्या कुठल्याच आकड्यावर तिचा विश्वास बसणार नाही, आणि होमलोनचा हप्ता वाचवायला तुम्हाला तिच्याच पगाराची आणि सहीची गरज लागणार आहे. ट्रेडिंगचं खातं त्याच दिवशी तिच्यासमोर बंद करा.